उशाशी जागणारी सिस्टर : हृदयरोग-परिचर्येच्या शिक्षणाची वाटचाल

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, येरळा नदीच्या काठी वडूज हे गाव वसले आहे. खटाव तालुक्याचे हे मुख्य ठाणे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर निघालेल्या मोर्चात परशुराम घार्गे हुतात्मा झाले आणि स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वडूजचे नाव कायमचे कोरले गेले. या मुलखावर पावसाची मर्जी फारशी नाही. म्हणून येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडली. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी गलाईच्या धंद्यात देशभर पांगले. गावाकडे बहुधा राहिली ती वडीलधारी मंडळी आणि त्यांची दुखणीखुपणी.

समजा, अशाच एखाद्या घरात पहाटे तीनच्या सुमारास साठीतल्या गृहस्थाच्या छातीत कळ येते. अंगाला दरदरून घाम सुटतो, डावा हात जड होतो. पित्त असेल म्हणून घरातली माणसे प्रथम सोडा पाजतात, पाठ चोळतात. तास-दीड तास असाच जातो आणि मग शेजाऱ्याची जीप काढून त्याला वडूजच्या ग्रामीण रुग्णालयात आणले जाते. साताऱ्याचे मोठे रुग्णालय येथून पन्नासएक किलोमीटरवर, आणि कराडही साधारण तेवढेच दूर. अशा वेळी रुग्णाच्या अंगाला सर्वांत आधी हात लागतो तो रात्रपाळीच्या परिचारिकेचा. तीच त्याला खाटेवर घेते, नाडी पाहते, छातीला इसीजीच्या तारा जोडते आणि डॉक्टरांना हाक मारते. कागदावर उमटणाऱ्या रेषा तिला वाचता येतात की नाही, यावर त्या घराचे पुढचे दिवस अवलंबून असतात.

ही परिचारिका कोठून आली, तिला कोणी काय शिकवले, आणि हृदयरोग्याच्या खाटेजवळ उभे राहण्याचा तिचा अधिकार कसकसा वाढत गेला, याचा मागोवा येथे घेण्याचा विचार आहे. हा इतिहास मोठा आहे. त्याच्या काही धाग्यांना आपल्या ख्रिस्ती घरांचा आणि धर्मभगिनींच्या मठांचाही स्पर्श झालेला आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. आपल्याकडे रुग्णालयातील कोणत्याही परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. ती हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो की ख्रिस्ती असो. खाटेवरचा शेतकरी तिला ‘अहो सिस्टर, जरा बघा ना’ अशीच हाक घालतो. हा शब्द मठातून आला आहे. युरोपात कित्येक शतके रुग्णसेवा ही व्रतस्थ स्त्रीपुरुषांचीच जबाबदारी होती. फ्रान्समध्ये १६३३ साली संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईज द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापन केला. या भगिनी मठाच्या भिंतीआड राहिल्या नाहीत. त्या गरिबांच्या घरी आणि रुग्णालयांत जाऊन सेवा करू लागल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल प्रॉटेस्टंट होत्या. पण क्रिमियाच्या युद्धाला जाण्यापूर्वी त्यांनी जर्मनीतील कैझर्सवर्थ येथील सेविकांचे आणि पॅरिसमधील भगिनींचे काम जवळून पाहिले होते. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा उघडली. दयाबुद्धी पुरेशी नाही, तिला शिस्तीच्या शिक्षणाची जोड हवी, हा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह महाराष्ट्रात पोचायला फार काळ लागला नाही. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी दाखल झाल्याची नोंद आढळते. शिकण्यासाठी पुढे आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या काळी परक्या पुरुषाच्या मलमूत्राला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे, या गोष्टी कुलीन स्त्रीला शोभत नाहीत अशीच समजूत होती. त्यामुळे काशीबाईंचे धैर्य किती मोठे होते, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

दक्षिण महाराष्ट्रात या कार्याचा पाया मिरजेला घातला गेला. कॅनडातून आलेले प्रेसबिटेरियन मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये परिचारिकांची शाळा सुरू केली. देशातील अगदी आरंभीच्या परिचारिका-शाळांत तिची गणना होते. पुढची कित्येक दशके सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांत ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले की माणसाच्या दुखण्याचे गांभीर्य आणि त्याच्या आशेचे ठिकाण, दोन्ही ऐकणाऱ्याला कळत असे. १९२८ साली वानलेस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पण त्यांच्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्या मुलींना पदव्या कोठून मिळणार? आरंभीच्या पिढ्यांत अशा मुली बहुतांशी ख्रिस्ती घरांतल्याच असत, कारण इतर समाजांची दारे या व्यवसायाला अजून बंद होती. ती दारे किलकिली करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रमाबाई रानडे यांना आहे. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनातून त्यांनी तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी पाठविले आणि समाजाची टीका शांतपणे सोसली.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रकरण सांगणे आवश्यक आहे, कारण ते आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसावे. मठातील भगिनी शतकानुशतके रुग्णसेवा करीत आल्या, हे खरे. पण वैद्यकाच्या संपूर्ण शिक्षणाची वाट मात्र त्यांना बंद होती. धर्मगुरू आणि व्रतस्थ यांनी विशेष परवानगीवाचून वैद्यक व शस्त्रक्रिया करू नये, असा निर्बंध १९१७ च्या धर्मविधानात होता. बाळंतपणाचे काम तर भगिनींना जवळजवळ वर्ज्यच होते. याचे दुष्परिणाम सर्वांत आधी ध्यानात आले ते आपल्याच उपखंडात. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत, स्त्री डॉक्टर मिळत नसे आणि भगिनींना परवानगी नसे. परिणामी माता आणि अर्भके दगावत. स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅकलारेन यांनी हा निर्बंध उठावा म्हणून रोमचे उंबरठे झिजविले. त्यांच्या प्रेरणेने ऑस्ट्रियाच्या अ‍ॅना डेंगल डॉक्टर झाल्या, १९२० मध्ये रावळपिंडीला आल्या, आणि १९२५ मध्ये त्यांनी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ या संघाची स्थापना केली. स्थापनेच्या वेळी या भगिनींना जाहीर व्रते घेता येत नव्हती, कारण त्यांचे कामच नियमात बसत नव्हते.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्डमातेच्या सणाच्या दिवशी, परमगुरू अकरावे पायस यांच्या कारकीर्दीत रोमच्या श्रद्धाप्रसार मंडळाने आदेश काढला. भगिनींनी मातांची व अर्भकांची सेवा करावी आणि त्यासाठी डॉक्टर किंवा परिचारिका म्हणून रीतसर प्रमाणपत्र मिळवावे, असा त्याचा आशय होता. या आदेशाचे महत्त्व केवळ परवानगीत नाही. प्रेमाने सेवा करायची असेल तर ती ज्ञानपूर्वक करावी लागेल आणि त्या ज्ञानाची परीक्षा द्यावी लागेल, हे ख्रिस्तसभेने त्या दिवशी स्पष्ट शब्दांत मान्य केले. पुढे १९९२ साली परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरविला, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

या आदेशाच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी या गुंटूरला येऊन धर्मभगिनी झाल्या होत्या. भगिनी असूनही वैद्यक करण्याची खास परवानगी त्यांना रोमकडून मिळाली होती. १९४३ मध्ये त्यांनी देशभरच्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली. तिच्या छायेत पुढे अनेक परिचारिका-शाळा वाढल्या. मुंबईतील वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयासारख्या संस्थांतून आपल्या कित्येक मुली शिकून बाहेर पडल्या, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना सांगण्याची गरज नाही.

इकडे सरकारी पातळीवरही जाग येत होती. १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यातील एक आकडा आजही अस्वस्थ करतो. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ मध्ये दिल्लीच्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणाला आरंभ झाला. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव आज त्या महाविद्यालयाला आहे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. महर्षी कर्व्यांनी ज्या विद्यापीठाचे रोप लावले, त्याच्या एका फांदीवर परिचारिकेला पदवी मिळू लागली.

आता आपण हृदयाकडे वळू. कारण नेमक्या याच सुमारास, १९६० नंतर, परिचारिकेच्या कामाचे स्वरूप मुळापासून बदलले.

तोपर्यंत हृदयविकाराच्या झटक्यावर उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती. रुग्णाला काही आठवडे खाटेवर निजवून ठेवायचे, वेदनेवर मॉर्फिन द्यायचे आणि वाट पाहायची. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पुष्कळदा हृदयाची लय एकाएकी बिघडते. हृदय आकुंचन पावण्याऐवजी त्याचे स्नायू नुसते थरथरू लागतात, रक्ताभिसरण थांबते, आणि तीन-चार मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. अनेक रुग्ण रात्री असेच निमूटपणे जात. सकाळी परिचारिका खाटेजवळ येई तेव्हा सारे संपलेले असे.

१९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले की छाती न उघडता, नुसत्या तळहातांनी छातीच्या मधल्या हाडावर दाब देऊन बंद पडलेले रक्ताभिसरण चालू ठेवता येते. विजेचा झटका देऊन थरथरणारे हृदय ताळ्यावर आणणारे यंत्रही तयार झाले होते. १९६१ मध्ये एडिंबरोच्या डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी सुचविले की झटका आलेल्या रुग्णांना एकाच विभागात ठेवून त्यांच्या हृदयाची लय अखंड पाहत राहावी आणि तेथील डॉक्टरांबरोबर परिचारिकांनाही पुनरुज्जीवनाचे हे तंत्र शिकवावे. १९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस सिटीत डॉ. ह्यूज डे यांनी असा विभाग प्रत्यक्ष उघडला.

परंतु यंत्रे आणि खाटा एकत्र आणल्याने प्रश्न सुटला नाही. अडचण अगदी साधी होती. डॉक्टर चोवीस तास प्रत्येक खाटेशी उभा राहू शकत नव्हता. लय बिघडली की परिचारिका डॉक्टरांना बोलवायला धावे, डॉक्टर जिना चढून येत, आणि ती तीन-चार मिनिटे तेवढ्यात निघून जात. फिलाडेल्फियाचे डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि त्यांच्या सहकारी परिचारिका रोझ पिन्यो यांनी या अडचणीचे उत्तर शोधले. परिचारिकेला इसीजी वाचायला शिकवायचे, कोणती लय निरुपद्रवी आणि कोणती घातक हे ओळखायला शिकवायचे, आणि घातक लय दिसताच डॉक्टरांची वाट न पाहता विजेचा झटका देण्याचा अधिकार तिला द्यायचा. १९६५ मध्ये त्यांनी परिचारिकांसाठी या विषयाचे पुस्तक सिद्ध केले. हृदयाच्या अतिदक्षता विभागांपूर्वी रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत; विभाग नीट चालू लागल्यावर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

या घटनेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्यापूर्वीची परिचारिका आज्ञाधारक होती; सांगितले ते करणे हा तिचा सद्‌गुण मानला जाई. या खाटेजवळ मात्र नुसते आज्ञापालन प्राणघातक ठरू लागले. जो माणूस खाटेजवळ आहे त्यालाच निर्णय घेता आला पाहिजे, आणि निर्णय घ्यायचा तर त्याच्याजवळ त्या तोलाचे ज्ञान हवे. हृदयरोग-परिचर्येच्या उच्च शिक्षणाचा उगम एवढ्या एका गरजेत आहे. बाकीचे सर्व अभ्यासक्रम, पदव्या आणि परीक्षा हा तिचा विस्तार आहे.

आपल्या देशात ही गरज हृदयशस्त्रक्रियेबरोबर आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. रीव्ह बेट्स यांनी १९४९ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि १९६१ मध्ये तेथेच डॉ. गोपीनाथ यांनी हृदय उघडून शस्त्रक्रिया यशस्वी केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. के. ई. एम. मधील तो रुग्ण काही तासच जगला. पण एका महानगरपालिकेच्या रुग्णालयाने केलेले ते धाडस वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. अशा प्रसंगांत सर्जनांची नावे राहतात, आणि ते योग्यही आहे. तरी शस्त्रक्रियेनंतरची रात्र कोणी काढली, हा प्रश्न इतिहासाने फारसा विचारलेला नाही.

ती रात्र कशी असते, हे सामान्य वाचकांना कळावे म्हणून थोडे सांगतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण विभागात येतो तेव्हा त्याचा श्वास व्हेंटिलेटर चालवीत असतो. मनगटाच्या धमनीत बसविलेल्या बारीक नळीतून रक्तदाब क्षणोक्षणी पडद्यावर उमटतो. छातीतून बाहेर आलेल्या नळ्यांतून रक्त बाटलीत ठिबकत असते. ते किती ठिबकले हे परिचारिका तासातासाला लिहिते. ठिबकणे वाढले तर चिंता असतेच. पण ते एकाएकी थांबले आणि त्याच वेळी रक्तदाब उतरू लागला, तर चिंता त्याहून मोठी. रक्त बाहेर न पडता हृदयाभोवतीच्या पिशवीत साठून हृदयाला आवळत असेल, हे तिने ओळखले पाहिजे. लघवी कमी झाली का, रक्तातले पोटॅशियम उतरले का, हातपाय गार पडले का, रक्तदाब सावरणाऱ्या औषधाचा थेंब किती वाढवायचा, हे सारे तिला एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागते. शिवाय दाराबाहेर रुग्णाची पत्नी पदराचे टोक मुठीत धरून बसलेली असते. तिच्याशी दोन शब्द खरे आणि धीराचे बोलणे हाही त्या ज्ञानाचाच भाग आहे.

एवढे सगळे साध्या पदविकेच्या तीन वर्षांत शिकवून होत नाही. म्हणून पुढचे शिक्षण आले. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने हृदय व छातीच्या परिचर्येची स्वतंत्र पदविका सुरू केली. भारतीय परिचर्या परिषदेने हृदय-वक्ष परिचर्या आणि अतिदक्षता परिचर्या यांसाठी एक वर्षाचे विशेष अभ्यासक्रम आखून दिले. परिचर्येच्या एम. एस्सी. पदवीतही हृदयरोग ही एक शाखा निवडता येऊ लागली. महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर परिचर्येची पुष्कळ महाविद्यालये एका छत्राखाली आली. अभिमत विद्यापीठांच्या वाटेने कराड आणि सांगली येथेही परिचर्येचे पदवीच्या पुढील शिक्षण उपलब्ध झाले. वडूजच्या मुलीला यासाठी आता दिल्लीला किंवा वेल्लोरला जाण्याची गरज उरली नाही, एस. टी. ने दोन-तीन तासांच्या अंतरावर तिला ते मिळू शकते. काशीबाईंच्या काळापासून पाहिले तर ही वाट थोडीथोडकी नाही.

आणि तरीही या वाटेवर एक विचित्र वळण आले. आपल्याकडे परिचारिका एम. एस्सी. झाली की बहुधा ती खाटेपासून दूर जाते. महाविद्यालयात अध्यापिका होणे हीच तिच्यापुढची सन्मानाची वाट असते. तेथे तिची उणीव आहेच, आणि चांगली अध्यापिका शंभर परिचारिका घडविते हेही खरे. पण ज्या ज्ञानाचा जन्मच मुळी खाटेजवळच्या गरजेतून झाला, ते ज्ञान पदवीबरोबर खाटेपासून उठून वर्गात जाऊन बसले. रुग्णालयात मागे राहिलेल्या विशेष प्रशिक्षित परिचारिकेचीही स्थिती फारशी निराळी नाही. अनेक ठिकाणी तिची नेमणूक साध्या ‘स्टाफ नर्स’च्याच जागेवर होते. वर्षभर हृदयविभागात तयार झालेल्या परिचारिकेची बदली उद्या अस्थिविभागात किंवा बाह्यरुग्ण विभागात होऊ शकते. सर्जनची बदली नेत्रविभागात करण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवणार नाही. परिचारिकेच्या बाबतीत मात्र ते आपल्याला खटकतही नाही. परिचर्या ही कोणीही, कोठेही करण्याजोगी गोष्ट आहे, हा जुना समज याच्या मुळाशी आहे.

या उणिवेची जाणीव २०१६ साली धोरणात उतरली. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव असलेल्या परिचारिकेला त्यात प्रवेश मिळतो. वर्गातील व्याख्यानांचा वाटा थोडा आणि बहुतेक सर्व शिक्षण रुग्णालयातील कामातून, अशी त्याची रचना आहे. निवासी डॉक्टर जसा काम करीत शिकतो, तशीच ही परिचारिका शिकते. रुग्णालयाने ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटीत तिने स्वतः तपासावे, निर्णय घ्यावा आणि उपचार सुरू करावेत, ही अपेक्षा आहे. ज्ञानाला पुन्हा खाटेजवळ आणून उभे करण्याचा हा प्रयत्न आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व सूतिका आयोगाचा कायदाही संमत केला. परंतु अभ्यासक्रम आखणे एक आणि तो पूर्ण केलेल्या परिचारिकेसाठी योग्य पद, वेतन आणि अधिकार निर्माण करणे दुसरे. दुसरे काम झाले नाही, तर पहिले कागदावर राहते, आणि शिकलेली मुलगी आखाती देशांचे किंवा इंग्लंड-आयर्लंडचे तिकीट काढते. तिला दोष कसा द्यावा? तेथे तिच्या ज्ञानाला नाव आणि मोल दोन्ही आहे.

कोणी म्हणेल, हे सारे मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचे झाले. त्याचा वडूजशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. १९८६ मध्ये इटलीत सुमारे ११,८०० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले की हृदयाच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिल्यास मृत्यूंचे प्रमाण घटते. आणि कळ सुरू झाल्यापासून तासाभरात दिले तर ते जवळजवळ निम्म्यावर येते. या औषधाला शस्त्रक्रियागृह लागत नाही. लागते ते असे : इसीजी लगेच काढणारी आणि ओळखणारी परिचारिका, निर्णय घेणारा डॉक्टर, औषध चालू असताना रक्तस्राव आणि लय यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा, आणि गरज पडलीच तर विजेचा झटका देण्याची तयारी. तामिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडून, इसीजी दूरवरच्या तज्ज्ञाला दाखवून असे उपचार करण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. म्हणजे साधने हळूहळू येत आहेत. ती वापरणारे जाणते हात त्या वेळी, त्या ठिकाणी आहेत का, एवढाच प्रश्न उरतो. शहरातील रुग्णालयात एका परिचारिकेची उणीव दुसरी भरून काढते. तालुक्याच्या ठिकाणी पहाटे साडेचार वाजता ती एकटीच असते. म्हणून उच्च शिक्षणाची खरी गरज, मला वाटते, तिलाच अधिक आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या कुटुंबांविषयी. आपल्या समाजाने या व्यवसायाला पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्या आणि अलीकडे मुलगेही दिले. पण आपल्या घरांत ‘नर्सिंग’ हा शब्द उच्चारताना अजूनही एक दुजेपणा असतो. डॉक्टरीला प्रवेश मिळाला नाही म्हणून, किंवा परदेशी जाण्याची सोपी वाट म्हणून मुलीला तिकडे पाठविले जाते. तिने पदवीनंतर आणखी दोन वर्षे शिकायचे म्हटले की लग्नाचे वय आड येते; रात्रपाळी म्हटली की सासरची मंडळी कुरकुरतात. थोडक्यात, एकेकाळी सगळ्या समाजाने काशीबाईंपुढे ज्या भिंती उभ्या केल्या, त्यांच्या काही विटा आपण अजून घरात जपून ठेवल्या आहेत. १९३६ मध्ये रोमने भगिनींना जे सांगितले ते आपल्या घरांनाही लागू आहे. सेवेची ओढ ही देणगी असेल; पण तिला पूर्ण शिक्षण मिळवून देणे हे आईवडिलांचे, धर्मग्रामाचे आणि सरकारचे कर्तव्य आहे. धर्मग्रामांतून शिष्यवृत्त्या दिल्या जातात तेव्हा अभियंता आणि डॉक्टर यांच्या यादीत पदव्युत्तर परिचर्या शिकणाऱ्या मुलीचे नावही असावे. आणि ती शिकून आली की तिला खाटेजवळच राहता येईल असे पद मिळावे, यासाठी आपण आवाजही उठवावा.

वडूजच्या त्या रुग्णालयातील पहाटेकडे पुन्हा एकदा जाऊ. जीप दाराशी थांबली आहे. गृहस्थाला खाटेवर घेतले आहे, आणि त्याचा मुलगा घाबऱ्या आवाजात ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणत आहे. तो वापरीत असलेला शब्द कोणत्या मठांतून, किती शतके चालत त्याच्यापर्यंत आला, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. त्याला हवे आहे एवढेच, की त्या हाकेला ओ देणाऱ्या सिस्टरला यंत्रातून सरकत येणाऱ्या कागदावरच्या रेषांचा अर्थ कळावा आणि त्या अर्थानुसार वागण्याचा अधिकार तिला असावा. तिला ते दोन्ही मिळवून देणे अजून आपल्याकडे बाकी आहे.